उचलणार कोण?

मी गाडीच्या टपावर सायकल न्यायचे कॅरियर बसवतो असं पहिल्यांदा घरी सांगितलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "सायकल चालवायची तर चालवावी. ती गाडीवर टाकून न्यायची म्हणजे घोड्याला पालखीत बसवण्यासारखं झालं." ती अजूनही तेच म्हणते. पण त्याच पालखीवर माझी पंधराएक वर्षं गेली, आणि बरी गेली.

त्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डर होतो. तो बंद पडला, तेव्हा मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड घेतली आणि जीपवर सामान वाहायचे कॅरियर करायला लागलो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या जीपवाल्यांना ते लागायचे. पुढे नाशकात सायकलींचं खूळ आलं. डॉक्टर, वकील, इंजिनियर सगळे पहाटे हेल्मेट घालून बाहेर पडायला लागले. कोणाला भंडारदऱ्याला जाऊन चालवायची, कोणाला सापुताऱ्याला. तिथपर्यंत सायकल नेणार कशी? एक जण माझ्याकडे आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि जीपवाल्यांचा काका सायकलवाल्यांचाही काका झाला.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. जुन्या गाड्यांना टपाच्या कडेला पाणी वाहून जायला पन्हळ असायची. तिला चिमटा अडकवला की काम झालं. आताच्या गाड्यांचं टप गुळगुळीत. काहींना कारखान्यातूनच लांब पट्ट्या येतात, त्यांना आडव्या दांड्या बसतात. ज्यांना नसतात, त्यांच्या दाराच्या चौकटीत चिमटे धरावे लागतात. प्रत्येक टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ते पान उघडलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. त्या वजनात सायकली येतात आणि माझ्या दांड्याही येतात.

मग सायकल धरायची कशी? एका प्रकारात पुढचं चाक काढून ते धरणारा फोर्क दांडीला पक्का करतात. सायकल अजिबात हलत नाही, पण सुटं चाक गाडीत सांभाळावं लागतं आणि सीट चिखलाने माखते. दुसऱ्यात चाकं खाचेत उभी राहतात आणि एक हात वर येऊन सायकलीचा दांडा पकडतो. सोपा प्रकार आहे, पण कार्बनच्या महागड्या सायकलीला तो हात जास्त आवळला की तडा जातो. तिसऱ्यात फक्त चाकंच धरतात. पट्टा सरळ ताणला तर वाऱ्यात तो भुंग्यासारखा घूंऽऽ करत राहतो. त्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प बसतो. एवढी युक्ती सांगितली की गिऱ्हाईक माझ्याकडे ऋषिमुनीकडे बघावं तसं बघतं.

आणि शेवटची परीक्षा. कॅरियर दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा. गाडी हलली पाहिजे. नुसता कॅरियर हलला तर काम कच्चं. माझं एकही काम कच्चं गेलं नाही हे मी छाती ठोकून सांगायचो, आणि तिथेच माझं घोडं पेंड खात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एका डॉक्टरसाहेबांचं सांगतो. त्यांची सायकल इतकी महागडी होती की ती टपावर चढवताना जपता जपता मीच घामाघूम झालो. पहिल्याच रविवारी दिंडोरीकडून छान फिरून आले, घराजवळ पोचले, आणि रोजच्या सवयीने गाडी थेट इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घातली. टपावर सायकल उभी आहे हे विसरूनच गेले. वरच्या तुळईने सायकलीचे दोन तुकडे केले. बिचारे तसेच गाडी घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला, टप चेपलेलं. मी काय केलं असेल? आधी कॅरियर धरून हलवला आणि म्हणालो, "साहेब, बघा, आपला कॅरियर जागचा हललेला नाही!"

ते भले गृहस्थ. म्हणाले, "हो काका, तेवढाच उरलाय."

तेव्हापासून मी प्रत्येक कॅरियरबरोबर एक लाल फडकं फुकट द्यायला लागलो. वर सायकल असेल तेव्हा ते स्टिअरिंगला बांधायचं, म्हणजे विसर पडत नाही. गिऱ्हाइकांना ते फार आवडलं. पण आपण लोखंडाकडे आधी बघतो आणि माणसाकडे नंतर, हे त्या दिवशीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही.

त्यानंतर वर्षभराने निर्मलाताई आल्या. नाशिक रोडला राहतात. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. उंची पाच फुटांच्या आतच. बरोबर त्यांचे यजमान, भास्करराव. ते गाडीतच बसून होते. सगळी नोकरी त्यांनी टाइम ऑफिसात काढलेली, म्हणजे कोण कधी कामावर आलं आणि कोणाला उशीर झाला याची नोंद ठेवायची. ताई सांगत होत्या की हे नुसते दारात उभे राहिले तरी माणसं पळत यायची.

आता त्यांना कंपवात झाला होता. हात थरथरायचे, आवाज अगदी बारीक झालेला, आणि चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. ताई म्हणाल्या, "गंमत बघा काका, यांना दहा पावलं चालवत नाही, पण सायकल चालवता येते."

मला खरं वाटेना. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनाही याचं नवल नाही. या आजारात काही जणांचं असं होतं. पाय चालणं विसरतात, पण पायडल विसरत नाहीत. मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं की मोकळा सपाट रस्ता हवा, रहदारी नको, आणि बरोबर कोणीतरी हवं. आणि हेही सांगितलं होतं की जमतंय तोवर चालवून घ्या, हे कायम टिकणारं नाही.

नाशिक रोडला मोकळा रस्ता कुठून आणायचा? भास्कररावांचं मूळ गाव पेठ रस्त्याला. तिथे आत वळलं की द्राक्षबागांमधून जाणारा एक सपाट रस्ता आहे. त्यावरच ते लहानपणी सायकल शिकले होते. भावाची बाग केव्हाच विकली गेली होती, तिथे आता त्यांचं कोणी नव्हतं. गाडी ताई चालवणार, सायकल टपावर, आणि पहाटे तिथे जाऊन हे तासभर चालवणार, असा बेत होता.

सायकल म्हणजे जुनी बावीस इंची काळी. मडगार्ड, साखळीवर पत्र्याचं झाकण, मागे लोखंडी कॅरियर. मी म्हटलं, हलकी नवीन घ्या. ताई म्हणाल्या, "यांच्या पायांना हीच ओळखीची आहे. दुसरीवर बसवून पाहिलं, पडले."

मी अगदी मन लावून काम केलं. गाडीचं मॉडेल विचारलं, टपाचं वजन बघितलं, सायकलीची लांबी मोजली. गाडीच्या मागे लावायचा कॅरियर मी करत नसे, कारण त्याने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात. टपावरचाच खरा, असा माझा बाणा. त्या जाड चाकांसाठी खाच मुद्दाम रुंद केली, आत रबर चिकटवलं. मग मी आणि शेजारचा लेथवाला, असे दोघांनी मिळून सायकल वर चढवली. पट्ट्याला पीळ दिला. कॅरियर हलवला, गाडी हलली. गाडीत बसलेले भास्करराव पण हलले आणि हसले.

ताई सगळं बघत होत्या. सायकल खाली काढल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मला जमेल ना हो?"

मी पट्टे गुंडाळून दांडीला सुतळीने बांधत होतो. वर न बघता म्हणालो, "सवय होते, ताई. चार दिवसांत सवय होते."

त्या गेल्या, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

आठ महिन्यांनी नाशिक रोड स्टेशनवर मेहुण्याला सोडायला गेलो होतो. परतताना एका सोसायटीच्या फाटकातून ती गाडी दिसली. आपण केलेला कॅरियर दिसला की मी थांबतोच, आईबाप शाळेच्या फाटकाशी थांबतात तसा. जवळ जाऊन बघितलं. खाचेतलं रबर कोरं करकरीत. आणि पट्टे दांडीला बांधलेले, माझ्याच सुतळीने, माझ्याच गाठीने. ती गाठ एकदाही सुटलेली नव्हती.

तेवढ्यात ताई भाजीची पिशवी घेऊन आल्या. ओळखलं त्यांनी. मी म्हटलं, "ताई, वापरला नाही का?"

त्या थोड्या ओशाळल्या. ओशाळायचं खरं तर मी. म्हणाल्या, "दोनदा प्रयत्न केला हो. पहिल्यांदा खांद्याच्या वर जाईना. दुसऱ्यांदा गेली, पण तोल गेला आणि हँडल इथे लागलं." त्यांनी गळ्याखालचं हाड दाखवलं. "पट्टा सोडायची वेळच आली नाही. शेजारच्यांना एक दिवस सांगता येतं. रोज पहाटे कोणाचं दार वाजवायचं?"

"मग मला फोन करायचा!"

"करणार होते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं मन लावून बसवलं होतं. काम तर काही चुकलेलं नव्हतं. ताकद आमचीच कमी पडली. त्यात तुम्हाला कशाला बोल लावायचा?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं समजवायचं ते मला येतं.

वर घरी गेलो. भास्करराव खुर्चीत होते. मला बघून उठायला गेले, पण पाय उचलेनात. ताईंनी समोर चप्पल आडवी ठेवली. ती ओलांडायची म्हणून एक पाऊल पडलं, मग दुसरं. आठ महिन्यांपूर्वी हे गृहस्थ माझ्या शेडमध्ये गाडीतून हसत होते. "जमतंय तोवर" असं डॉक्टर म्हणाले होते. त्या "तोवर"मधले आठ महिने माझ्या सुतळीच्या गाठीत गेले होते.

मी गाडी विचारली होती, टप विचारलं होतं, सायकल विचारली होती. उचलणार कोण, हे विचारलं नव्हतं. आणि ज्या बाईने स्वतःहून विचारलं, तिला न बघताच उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाकीची कामं बाजूला ठेवली. माझा बाणा गुंडाळला आणि गाडीच्या मागे लावायचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा पाळणा करायला घेतला. त्याला एक उतरती पट्टी, म्हणजे सायकल उचलायची नाही, ढकलत चढवायची. पण पाळणा लावला की मागचं दार उघडेना. दारासाठी तो बाहेर ओढला तर गाडीचं मागचं टोक दबायला लागलं. नंबरप्लेट आणि दिवे त्याच्यावर परत लावायचे, त्यांच्या तारा ओढायच्या. पंधरा दिवस मी नुसता कापत आणि जोडत होतो.

अशात काशिनाथ आला. पेठचा जीपवाला, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचा एक कॅरियर मी एकदा करायला नकार दिला होता, कारण त्याला त्यावर माणसं बसवायची होती. महिनाभर रुसला आणि मग परत आला. आता त्याच्या कॅरियरची एक दांडी तुटली होती. माझ्या पाळण्याभोवती दोन फेऱ्या मारून त्याने विचारलं, "काका, हे काय बनवताय?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "कोणता रस्ता म्हणले तुम्ही?"

मी रस्ता सांगितला.

"आन् तो बाबा सायकल त्याच रस्त्यावर चालवनार? दुसरीकडं कुठं नाय?"

"नाही."

"मंग ती रोज घरी कशापायी न्यायची?" काशिनाथ म्हणाला. "तिथंच ठेवा ना. पोरांच्या शाळंसाठी म्या त्याच रस्त्याला घर बांधलंय. पडवी लय मोठी हाय. शेतावरचं इंजिन शेतावरच ऱ्हातं काका, रोज कोन उचलून घरी नेतंय?"

मी हातातला वेल्डिंगचा हँडल खाली ठेवला. इतकी वर्षं लोक माझ्याकडे कॅरियर मागायला येत होते, म्हणून कॅरियर नको हे उत्तर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. लोहाराला सगळीकडे लोखंडच दिसणार. त्या दिवशी काशिनाथची दांडी मी दोनदा जोडली, कारण पहिल्यांदा ती वाकडी बसली.

ताईंना विचारलं, आणि त्याच आठवड्यात सायकल काशिनाथच्या जीपच्या टपावरून त्याच्या पडवीत गेली. टायर नवे घातले, साखळीला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताईंची गाडी काशिनाथच्या दारात आली. भास्करराव उतरले आणि गाडीच्या दारातच थबकले. पाय चिकटले. समोर दहा पावलांवर सायकल. चप्पल आडवी टाकून झाली, "एक-दोन, एक-दोन" म्हणून झालं, काही होईना. ताईंचा चेहरा मला बघवेना. उशीर झाला, संपलं सगळं, असंच वाटलं.

काशिनाथची म्हातारी आई पडवीत भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आरं, त्याला येता येत नाय तर तिला न्या की त्याच्याकडं!"

काशिनाथने सायकल नेऊन त्यांच्या हातात दिली. भास्कररावांनी हँडल धरलं. हात थरथरत होते, ब्रेक वाजत होता. त्यांनी डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्या पायाने जमिनीला एक रेटा दिला, दुसरा दिला, जुन्या लोकांसारखी मागून टांग टाकली, आणि गेले!

खरंच गेले. सरळ, एका रेषेत. मागे धावायला म्हणून मी आणि काशिनाथ तयारच होतो, पण आमच्याच्याने गाठवेना. ताई हात जोडल्यासारखे तोंडावर धरून उभ्या होत्या. भास्करराव वळणाशी, भावाच्या जुन्या बागेपाशी दिसेनासे झाले. आम्ही तिघं त्या वळणाकडे बघत राहिलो. मग घंटी ऐकू आली, आणि ते परत आले. पाठ ताठ, मान वर.

काशिनाथने सायकल धरली, मी त्यांना धरलं. ते खाली उतरले आणि माझ्याकडे बघत काहीतरी पुटपुटले. आवाज इतका बारीक की मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"लेट मार्क," ते म्हणाले.

ताई हसल्या, काशिनाथ हसला, तेही हसले. त्यांनी थट्टाच केली होती, त्यात राग नव्हता. मीही हसलो. पण सगळी नोकरी ज्याने माणसांचा उशीर मोजण्यात काढली, त्याने तो अगदी बरोबर मोजला होता.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा ते जात. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. काशिनाथची आई त्यांना नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी दिल्याशिवाय सोडायची नाही. पावसाळ्यानंतर मात्र पाय पायडलवर टिकेनासा झाला. एक दिवस ते सायकलीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि परत गाडीत जाऊन बसले. आता ते अंथरुणाला आहेत. मी गेलो की बोटाने घड्याळाकडे दाखवतात, आणि मी म्हणतो, "आलो साहेब, आज वेळेवर आलोय."

टपावरचा कॅरियर मी केव्हाच काढून आणला होता. नंतर ताईंनी सायकलही माझ्याकडे पाठवली. विकायची नाही, एवढंच सांगितलं. ती आता शेडच्या दारात उभी असते. शेजारी भिंतीवर, गाडीच्या टपाएवढ्या उंचीवर, त्यांच्याच कॅरियरची खाच ठोकलीय. कोणी कॅरियर मागायला आलं की मी गाडी विचारत नाही, टप विचारत नाही. म्हणतो, ही सायकल तिथे ठेवून दाखवा. जो रोज उचलणार आहे त्याने.

परवा एक जोडपं आलं होतं. नवऱ्याने मोबाइलवर चार कॅरियरचे फोटो आणलेले, सगळं वाचून आलेला. मी विचारलं, उचलणार कोण? तो म्हणाला, "मी फिरतीवर असतो, ही नेईल पोरांच्या सायकली." मी त्या बाईंना म्हटलं, उचला. त्यांनी सायकल छातीपर्यंत नेली आणि खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सवय होईल ना, काका?"

मी हातातलं काम ठेवलं, उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही होणार, ताई. बसा. तुम्हाला नक्की कुठे जायचंय ते आधी सांगा."